किळस हे कारण

मावशींनी कोर्टात खरं कारण सांगितलं आणि कोर्ट हसलं.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, "घटस्फोट कशासाठी हवा आहे?" मावशी म्हणाल्या, "किळस येते." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी आपलं हसू चष्म्याआड ठेवलं. वकीलबाई मावशींच्या कानाशी लागल्या. "अहो, असं नाही म्हणायचं. त्रास म्हणा, छळ म्हणा. किळस हे कारण कायद्यात नाही."

"मग घाला की कायद्यात," मावशी म्हणाल्या.

शेवटी कागदावर 'स्वभाव जुळत नाहीत' असं लिहिलं गेलं. मावशींना ते अजून पटलेलं नाही. "स्वभावानं माणूस गरीबच होता," त्या म्हणायच्या. "स्वभावाचं मी काय करणार? स्वभाव काही धुवायला पडत नव्हता."

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, डाग काढता काढता. मी तेव्हा एका लाँड्रीच्या काउंटरवर बसत होते. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेली ती पहिली नोकरी. कपडे घ्यायचे, प्रत्येकाला बिल्ला टाचायचा, झालेले कपडे परत द्यायचे. माझ्या पाठीमागे पडदा होता. पडद्यामागे मोठी मशीनं, इस्त्रीचं टेबल, आणि खिडकीखाली डाग काढायचं टेबल. तिथे मावशी बसायच्या. वय साठीला टेकलेलं. सगळे त्यांना डागमावशी म्हणायचे. तोंडावरच.

नवरा एका गिरणीच्या कचेरीत कारकून होता. निवृत्त होऊन घरी बसला होता. मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेर काही भानगड नव्हती, पगार घरात देत होता. त्यांच्या मुलीनं परगावाहून फोन करून हे सगळं ओळीनं ऐकवलं. मावशी म्हणाल्या, "म्हणूनच राहिले ना एवढी वर्षं. नाहीतर पहिल्याच वर्षी गेले असते."

नवरा जेवून उठला की हात पडद्याला पुसायचा. पायाची नखं चहाच्या बशीत कापायचा आणि बशी तिथेच ठेवायचा. काडीनं कान कोरायचा आणि काडी उशीच्या अभ्र्याला पुसायचा. सकाळी बेसिनवर घसा साफ करायचा. नळ सोडायचा नाही. बेसिनमध्ये जे राहायचं ते मावशींनी बोटानं लोटायचं. त्यानंतर चहा करायचा. मावशींनी सुरुवातीला सांगून पाहिलं. मग रागावून पाहिलं. मग अबोला धरला. तो प्रत्येक वेळी हसायचा. "आपलंच घर आहे ना गं," म्हणायचा.

शेवट मात्र त्यानं प्रेमानं केला.

मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यातून पाणी येत होतं. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. नवरा शेजारी आला, खिशातून रुमाल काढला आणि काळजीनं त्यांच्या डोळ्याला लावला. रुमाल कडक होता. ओला नव्हता, वाळलेला होता. कशानं वाळलेला ते मावशींना गालावर कळलं. त्या उठल्या. तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. पिशवी भरली.

"कुठे निघालीस?" त्यानं विचारलं. "डोळ्याला ताण पडेल."

मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात कुणाचा तरी कोट होता. तो मी लांब धरला.

"हसू येतंय का तुला?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"येऊ दे. सगळ्यांना आलं."

त्यांनी खोली घेतली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. एकच खोली, एक खिडकी, कोपऱ्यात बेसिन. खालून टायरच्या रबराचा वास यायचा. मला त्यांनी खोली बघायला बोलावलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली. मावशींनी मला बेसिन दाखवलं.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. पांढरं, कोरडं, जुनं बेसिन. कडेला एक तडा.

"सकाळी उठते आणि याच्याकडे बघत चहा पिते," त्या म्हणाल्या. माझ्या आजीचं वय असलेल्या बाईनं हे सांगितलं. मीही बेसिनकडे बघत चहा प्याले.

लाँड्रीत काम मागायला त्या स्वतःच आल्या होत्या. मालक आधी म्हणाला, "मावशी, या वयात?" मग थट्टा म्हणून त्यानं एक कोट पुढे टाकला. बाहीवर पिवळट डाग होता. तो कुणालाच निघाला नव्हता. मावशींनी नाक जवळ नेलं.

"अंडं," त्या म्हणाल्या. "आणि वर कुणीतरी शहाण्यानं गरम पाणी ओतलंय. आता शिजलंय ते."

गरम पाणी मालकानंच ओतलं होतं. त्यानं घसा खाकरला. "कुठे शिकलात हे?"

"संसारात," मावशी म्हणाल्या.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. कपडा घेताना गिऱ्हाइकाला विचारायचं, डाग कशाचा आहे. त्याचं उत्तर बिल्ल्यावर लिहायचं. रक्ताला गार पाणी लागतं, तेलाला वेगळी बाटली, गंजाला वेगळी. चुकीची बाटली पडली की कपडा जातो. पूर्वी एका बाईचा रेशमी झगा असाच जळाला होता आणि तिनं दुकानात तमाशा केला होता. तेव्हापासून मालकानं भिंतीवर पाटीच लावली. डाग कशाचा ते गिऱ्हाइकानं स्वतः सांगावं. सांगितलं नाही तर कपडा घेतला जाणार नाही.

लोक खोटं बोलायचे. सगळे म्हणायचे, चहाचा.

"या गावात दुसरं काही सांडतच नाही," इस्त्रीकाका म्हणायचे. इस्त्रीकाका दुकानातले सगळ्यात जुने. इस्त्री आणि जीभ, दोन्ही तापलेली. एकदा एक जण शर्टाच्या कॉलरवर लिपस्टिकचा डाग घेऊन आला. म्हणाला, चहा. पडद्यामागून मावशींचा आवाज आला, "कपातला का ओठावरचा?" तो शर्ट न देताच गेला.

पहिली पिशवी आली तेव्हा मला काही माहीत नव्हतं. टाय घातलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस. पिशवी त्यानं दोन बोटांत धरली होती, अंगापासून लांब. काउंटरवर ठेवली आणि बोटं टायला पुसायला गेला, मग थांबला.

"डाग कशाचे आहेत?" मी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाचे कपडे आहेत. सगळेच डाग असतील."

"नियम आहे. सांगावं लागतं."

"चहा लिहा ना," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी पिशवी आत दिली. मावशींनी गाठ सोडली. त्यांना वाकावं लागलं नाही. वास आपणहून वर आला. आंबट, तेलकट, बंद खोलीतला. मी मागे सरले. मावशी सरल्या नाहीत. त्या पिशवीत बघत उभ्या राहिल्या.

"कुणी आणलं हे?"

मी वर्णन केलं.

"कपाळावर डावीकडे तीळ?"

"हो."

"माझा मुलगा," त्या म्हणाल्या. पिशवीची गाठ परत बांधली. पिशवी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. मग कोपरापर्यंत हात धुतले. धुवून झाल्यावर बोटांचा वास घेतला आणि परत धुतले.

मुलगा कपडे न्यायला आला तेव्हा दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मावशींनी पिशवी जशीच्या तशी काउंटरवर ठेवली.

"आई, तू केलेच नाहीस?"

"नाही."

"अगं, मी फुकट सांगत नाही. आणि मशीनच धुतं ना सगळं? तू फक्त डाग काढायचेस."

"मशीन तुझ्याकडे आहे की घरी."

"आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बिल्ल्यांच्या डब्यात तोंड घातलं. "पण तिला चालत नाही."

"कुणाला?"

"तुझ्या सुनेला. ती म्हणते बाबांचे कपडे आपल्या मशीनमध्ये नकोत. त्यात मुलांचे कपडे असतात."

"का नकोत?"

त्यानं कॉलर सारखी केली.

"का नकोत रे?"

"तिला किळस येते," तो म्हणाला.

पडद्यामागे इस्त्री थांबली. वाफेचा आवाजही थांबला.

"तिला किळस येते," मावशी म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. "मग तू काय म्हणालास? बाबा मारत नाहीत, पीत नाहीत, असं सांगितलंस का?"

"आई, तिची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी?"

"वेगळी म्हणजे, तिला सवय नाही."

"आणि तू? तूही पिशवी दोन बोटांनी आणलीस म्हणे."

"वास येत होता."

"येतो."

"तुला सवय आहे आई," तो म्हणाला. आणि हे तो वाईट हेतूनं बोलत नव्हता. उलट आईचं कौतुक करावं तसा बोलला. मी डब्यातून मान वर काढली. मला त्याचा चेहरा बघायचा होता. चेहरा साधा होता. दाढी नीट केलेली, कॉलर स्वच्छ. त्या कॉलरचीच मला शिसारी आली.

तो मालकाशी बोलायला आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा मालक त्याच्याबरोबर होता आणि मानेवरून हात फिरवत होता.

"मावशी," मालक म्हणाला, "कपड्याला नातं नसतं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आज तुम्ही याचे कपडे नाही म्हणालात, उद्या हे काका म्हणतील मला अमक्याची इस्त्री नको. मग मी दुकान चालवू कसं?"

"मी असं म्हणायला कधीचा तयार आहे," पडद्यामागून इस्त्रीकाका.

"तुम्ही गप्प बसा हो."

मावशी पाटीकडे बघत होत्या. "नियम काय आहे आपला?" त्यांनी विचारलं. "डाग कशाचा ते गिऱ्हाइकानं सांगायचं. हा म्हणाला चहा. हा चहा नाही. याला माहीतही नाही. ज्याचे कपडे त्यानं यावं. इथे उभं राहून एकेक डाग सांगावा. सांगितला तर काढीन."

"आणि सांगितल्यावर नाही म्हणायचं नाही," मालक म्हणाला. "नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मला आवडणार नाही, पण बघावं लागेल."

"नाही म्हणणार नाही."

मुलगा पिशवी घेऊन गेला. पुन्हा दोन बोटांत.

"ते येणार नाहीत," मावशी मला नंतर म्हणाल्या. "आले तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. बायकोच्या जिवावर करणं सोपं असतं. चार लोकांत बोलायला जीभ रेटत नाही."

मला ते पटलं. इस्त्रीकाकांनाही पटलं. तो आला नाही, तर मावशी सुटल्या. आला आणि बोलला, तर एकतर त्याचे डाग काढायचे, नाहीतर ते खिडकीखालचं टेबल सोडायचं. खिडकीखालचा उजेड, रांगेतल्या बाटल्या, वाफेची नळी, आपल्या हातानं झिजलेला ब्रश. त्या टेबलावर मावशी एखाद्या राणीसारख्या बसायच्या. मला त्यांना तिथून उठलेलं बघायचं नव्हतं.

तो आला. सुटीच्या दिवशी सकाळी, दुकान भरलेलं असताना.

मी कुणीतरी ओंगळ माणूस मनाशी धरला होता. आला तो गोड म्हातारा. गोरटेला, गोल, गालाला खळी. दारात एका बाईच्या हातातले पडदे पडले, ते त्यानं उचलून दिले. रांगेत उभा राहिला. पुढे आल्यावर मला म्हणाला, "बाळ, आमच्या हिला बोलावतेस का?"

मावशी पडद्याबाहेर आल्या. हातात रबरी मोजे.

"काय गं, बरी आहेस ना? डोळा कसा आहे?"

"या साहेब," मावशी म्हणाल्या. आयुष्यभर त्याला अहोजाहो करणारी बाई त्याला गिऱ्हाइकासारखी साहेब म्हणाली. "एकेक कपडा काढा. डाग कशाचा ते सांगा."

"साहेब!" तो हसला. रांगेकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का, मला साहेब म्हणते." दोघं-तिघं हसले.

त्यानं पिशवी उघडली. वास पसरला. पडदेवाल्या बाईनं नाकाला ओढणी लावली.

त्यानं पहिला रुमाल काढला. मी मावशींकडे बघितलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आता अडखळेल, आता मान खाली जाईल.

"हा शेंबूड," तो म्हणाला. खणखणीत. "परवा सर्दी झाली होती ना. बघ कसा कडक झालाय, उभा राहतो." आणि त्यानं तो काउंटरवर उभा करून दाखवला.

रांग एक पाऊल मागे गेली. कुणीतरी "शी" म्हणालं. तो त्या शी म्हणणाऱ्याकडे बघूनही हसला.

"लिही," मावशी मला म्हणाल्या. मी लिहिलं.

"हा अभ्रा. हे डोक्याचं तेल. ही लाळ, झोपेत गळते, तुला माहीतच आहे. आणि हा कानातला मळ, इथे कडेला. हा शर्ट. मानेवर गळू झालं होतं गं. तू नव्हतीस ना. फुटलं. हा त्याचा पू, आणि हे थोडं रक्त."

"लिही."

"ही विजार. ही..."

"पुरे," मालक आतून म्हणाला.

"पुरे नाही," मावशी म्हणाल्या. "नियम आहे. विजार कशाची?"

त्यानं सांगितलं. सगळ्या दुकानासमोर सांगितलं. लहान मूल चित्र दाखवतं तसं तो एकेक कपडा वर धरायचा आणि मावशींकडे बघायचा. शाबासकीची वाट बघत. मी पुस्तकांत लाज पुष्कळ वाचली आहे. माणूस लाजेनं जळतो, लाजेनं जीव देतो. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी ती शोधत राहिले. नव्हती.

"बरोबर सांगितलं की नाही सगळं?" त्यानं विचारलं.

"बरोबर," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पिशवी उचलली आणि आत गेल्या.

सकाळभर त्या टेबलावर होत्या. एकही डाग सोडला नाही. जिथे गार पाणी तिथे गार पाणी, जिथे ब्रश तिथे ब्रश. कुणाशी बोलल्या नाहीत. इस्त्रीकाकांनी एक विनोद सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. कपडे पांढरेशुभ्र झाले. शेवटचा रुमाल दांडीवर टाकून मावशी मागच्या अंगणात गेल्या, नळाशी बसल्या आणि ओकल्या. मी पाठीवर हात ठेवला. पाठ घामानं भिजली होती.

"मला वाटायचं," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "लाज असेल. माझ्यापुरती नसेल, पण असेल कुठेतरी. लोकांत गेले की बाहेर काढत असतील."

मी नळ सोडला.

"नाहीच गं ती," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं नसलेल्या वस्तूची वाट बघितली."

तो कपडे न्यायला आला. रुमाल नाकाला लावून जोरात वास घेतला. "वा! घरचा हात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वाकून, गुपित सांगितल्यासारखं, "आता दर आठवड्याला आणत जाईन. बरं झालं, सोय लागली."

त्याच दिवशी मुलीचा फोन आला. मावशींनी तो माझ्यासमोरच घेतला. मुलीचा आवाज फोनबाहेर येत होता. "आई, दादा सांगत होता. किती छान झालं गं! हळूहळू जमतंय तुमचं. बाबा एवढे खूश आहेत."

मावशींनी फोन कानापासून लांब धरला, आवाज थांबेपर्यंत. मग बंद केला. फोन फडक्यानं पुसला.

"माजी नवरा म्हणजे माजी मंत्री," इस्त्रीकाका म्हणाले. "खुर्ची गेली तरी गाडी हवीच."

कुणी हसलं नाही. काकाही हसले नाहीत.

आठवडा संपायच्या आत मावशींनी टेबल आवरलं. बाटल्यांची तोंडं पुसली. एप्रन धुऊन, वाळवून, घडी करून मालकापुढे ठेवला.

"मावशी, असं काय करता?" मालक खरोखर हळहळला. "तो नियमानं आला. नियमानं बोलला."

"हो. नियमाचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही."

"मग? आठवड्यातून एक पिशवी. एवढ्यासाठी टेबल सोडणार? आणि या वयात जाणार कुठे?"

"मागच्या वेळीही सगळे हेच म्हणाले, या वयात, या वयात," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तर मी लहान होते."

इस्त्रीकाका त्यांच्यामागोमाग दारापर्यंत आले. त्यांचा एक मेहुणा इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम होता. तिथे माणसं लागतात, पण टिकत नाहीत, ते म्हणाले. "मावशी, आधीच सांगतो. तिथलं काम फार घाण. आपल्याकडे येतं ते अत्तर म्हणायचं."

"काय येतं?"

"काय येत नाही ते विचारा. चादरी, झगे, पट्ट्या. रक्त, ओकारी, सगळंच. ढिगानं."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? पेशंटांचं."

"कोण पेशंट ते लिहिलेलं असतं का त्याच्यावर?"

"छे. शिक्का असतो इस्पितळाचा."

"मग विचारा मेहुण्यांना," मावशी म्हणाल्या.

पुढच्या सुटीच्या दिवशी तो गोड म्हातारा पिशवी घेऊन आला. रांगेत उभा राहिला. पिशवी काउंटरवर ठेवली आणि गाठ सोडायला लागला.

"आमच्या हिला बोलाव ना बाळ."

"त्या नाहीत. काम सोडलं त्यांनी."

त्याचे हात गाठीवर थांबले. "कुठे गेली?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण नवीन माणूस ठेवलाय. तोही चांगले काढतो डाग. सांगा, मी लिहिते."

त्यानं पडद्याकडे बघितलं. पडद्यामागून नवा माणूस डोकावला. तरुण, बाह्या वर केलेल्या. म्हाताऱ्याच्या गालावरची खळी गेली. तो लाल झाला. कानापर्यंत लाल. त्यानं गाठ घट्ट केली, पिशवी काउंटरवरून ओढली आणि कोटाच्या आड धरली.

"नको. राहू दे," तो म्हणाला.

"का? द्या की."

"नाही गं बाळ." तो आवाज खाली आणून म्हणाला, "परक्या माणसाला असले कपडे कसे द्यायचे? बरं दिसतं का?"

तो गेला. मागच्या गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली तेव्हा मी हात पुढे केला.

हे मावशींना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी मी इस्पितळात गेले. धुलाईघर मागच्या बाजूला होतं, तळघरासारखं. उतारावरून ढकलगाड्या खाली जात होत्या. गाड्यांत गाठोडी, गाठोड्यांतून काहीतरी ठिपकत होतं. दारातच वास आला आणि मी रुमाल नाकाला लावला. फिनेल, वाफ, रक्त, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला मी नाव देणार नाही. आत बायका आणि पुरुष मोठ्या हौदांपाशी उभे होते. तोंडाला फडकी, कोपरापर्यंत मोजे. त्यांत मावशी कोणत्या ते मला ओळखूच आलं नाही.

त्यांनीच मला ओळखलं. जेवणाची सुटी झाली होती. मोजे काढून, हात धुऊन त्या बाहेर आल्या. भिंतीशी एक लाकडी बाक होता. तिथे बसून त्यांनी डबा उघडला. त्या वाळल्या होत्या. कंबर दुखत असावी, बसताना भिंतीचा आधार घेतला.

"जेवतेस?"

"नको," मी म्हणाले. माझा रुमाल नाकाशी होता. तो खाली घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "इथे किळस नाही येत तुम्हाला?"

"येते की." त्यांनी घास घेतला. "न यायला काय झालं? पण सुटी झाली की जाते. घरी येत नाही बरोबर."

त्या मजेत जेवत होत्या. समोरून एक गाडी गेली. गाठोड्याच्या फटीतून चादरीचं टोक लोंबत होतं, तपकिरी. मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा गार पाण्यात जाईल," आणि पुढचा घास घेतला.

मग मी सांगितलं. पिशवी, नवा माणूस, लाल झालेले कान, सगळं. तो जे बोलला ते शब्दही सांगितले.

मावशींचं चावणं थांबलं. घास गालात तसाच राहिला. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. ओल आलेली भिंत होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे कळत होतं त्यांना," त्या म्हणाल्या.

मी डब्याचं झाकण पुढे सरकवलं.

"तेव्हाही कळत होतं. पहिल्यापासून."

त्यांनी घास गिळला. प्रयत्नानं गिळला, मला दिसलं. डबा बंद केला. अर्ध्याहून जास्त जेवण तसंच होतं.

"मी कुठे आहे ते विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"माहीत नाही, म्हणाले मी."

"मुलगा येईल विचारायला. मुलीचा फोन येईल दुकानात. गोड बोलेल."

"मला माहीत नाही, असंच सांगेन."

"काकांनाही सांग."

"काकांनी तर सांगून ठेवलंय की तुम्ही समुद्रापार गेलात."

मावशी हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. आत घंटा झाली. बाकावरची बाकीची माणसं उठायला लागली. मावशी भिंतीला धरून उठल्या, डबा कोनाड्यात ठेवला, मोजे चढवले, एकेक बोट नीट बसवलं. तोंडाला फडकं बांधलं. आता फक्त डोळे दिसत होते. उतारावरून नवी गाडी येत होती. त्या बाजूला झाल्या नाहीत. पुढे होऊन त्यांनी गाडीचा दांडा धरला आणि ती आत ओढून नेली.